एकत्र दळले म्हणजे मिसळले नव्हे

मंगळवेढ्याची जुनी शेती प्लास्टिकवाचून चालत होती. खोल काळी जमीन, परतीच्या पावसाची धरून ठेवलेली ओल आणि त्या ओलीवर उभी राहणारी मालदांडी ज्वारी, एवढ्याच्या बळावर या तालुक्याने ‘ज्वारीचे कोठार’ हे नाव कमावले. २०१६ मध्ये इथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण जिथे माळरान आहे, मातीचा थर उथळ आहे, तिथे ओलीच्या भरवशावर घर चालत नाही. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला साधारण पाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही वेळेवर येईल याची खात्री नसते. अशा जमिनीवर डाळिंब आले, द्राक्ष आले आणि त्यांच्या पाठोपाठ ठिबक, शेततळी, पाइपलाइन आल्या. सोलापूरजवळ केगावला २००५ मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झाले, त्यालाही याच बदलाची पार्श्वभूमी आहे. पाणी जपायचे तर ते मुळापर्यंत बंद नळीतून न्यावे लागते, आणि शेतकऱ्याला परवडणारी, न गंजणारी नळी प्लास्टिकचीच असते. दुष्काळी तालुक्यातल्या या प्लास्टिकविषयी बोलताना बंदीची भाषा कामाची नाही. तिथे पदार्थ समजून घ्यावा लागतो.

एका बागेचा ठिबक संच सुटा करून पाहावा. जमिनीखालची मेन आणि सबमेन कडक पीव्हीसीची. ओळीने पसरलेल्या काळ्या लॅटरल पॉलिथिलीनच्या. जॉइनर आणि इतर छोटे जोड बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे. सबमेनमधून लॅटरल जिथे फुटते तिथे बसवलेला ग्रोमेट रबराचा. शेजारच्या शेततळ्यातला ५०० मायक्रॉनचा कागद पुन्हा पॉलिथिलीनचा, आणि बांधावर पडलेली खताची पोती विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनची. एका शेतात तीन प्लास्टिके आणि एक रबर, इतकी ही विविधता आहे. भंगाराचा धंदा करणाऱ्यांच्या हाताला ती कळते. कडक पाइप आणि नरम नळी ते वेगळी धरतात. सरकारी कागदांत, स्वच्छतेच्या मोहिमांत आणि आपल्या बोलण्यात मात्र हे सगळे ‘प्लास्टिक’ या एकाच नावाखाली जमा होते. त्यातून एक समजूत पक्की झाली आहे: सगळे गोळा करा, दळा, वितळवा आणि नवी वस्तू काढा. या समजुतीला माझा विरोध आहे. वितळलेली प्लास्टिके एकत्र ढवळली म्हणून एकमेकांत मिसळत नाहीत. ती मिसळावीत असे वाटत असेल तर त्यांच्या रेणूंमध्ये बदल करावा लागतो, आणि तो बदलही जोडीजोडीनुसार वेगळा असतो. सुधारित नैसर्गिक रबराची गोष्ट ही बाब फार स्पष्टपणे शिकवते.

आधी न मिसळण्याचे कारण पाहू. अल्कोहोल पाण्यात सहज मिसळते. लहान रेणू एकमेकांत पसरले की त्यांच्या रचनांच्या शक्यता प्रचंड वाढतात, आणि निसर्गाचा कल अशा विखुरलेल्या अवस्थेकडे असतो. या विखुरण्याच्या मापाला एन्ट्रॉपी म्हणतात. पॉलिमरचा रेणू मात्र हजारो दुव्यांची सलग साखळी असतो. साखळीतला प्रत्येक दुवा शेजारच्याला बांधलेला असल्याने त्याला मोकळे फिरता येत नाही. साखळी हजार दुव्यांची असेल तर मिसळण्यातून मिळणारा एन्ट्रॉपीचा लाभ दर दुव्यामागे जवळजवळ हजारपट कमी होतो. पॉल फ्लोरी आणि मॉरिस हगिन्स या दोघांनी १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला हा हिशेब स्वतंत्रपणे मांडला. फ्लोरींना पुढे १९७४ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. या हिशेबाचा अर्थ कठोर आहे. दोन साखळ्यांमध्ये किंचितशी नावड असली तरी ती निर्णायक ठरते, कारण तिच्यावर मात करायला एन्ट्रॉपीचे बळ उरलेले नसते. म्हणून पॉलिमरांच्या बहुतेक जोड्या मिसळत नाहीत. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन, दोन्ही केवळ कार्बन आणि हायड्रोजनचे बनलेले, पेट्रोलियमच्या एकाच घरातले; तरीही तीसुद्धा एकजीव होत नाहीत.

याचा परिणाम कारखान्यात दिसतो. लॅटरल आणि जॉइनर एकत्र दळून काढलेला दाणा बाहेरून एकसारखा दिसतो. आत मात्र एका प्लास्टिकच्या पसाऱ्यात दुसऱ्याचे बारीक थेंब अडकलेले असतात आणि दोघांच्या सीमेवर पकड नसते. ओढ बसली की भेग याच सीमेवरून धावते. शुद्ध पॉलिथिलीन जितके ताणले जाते त्याच्या तुलनेत असे मिश्रण फार लवकर तुटते. त्यात पीव्हीसीचे तुकडे शिरले तर गोष्ट आणखी बिघडते. तापमान वाढवत नेले की पीव्हीसीमधून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटू लागतो. तो माल काळा पाडतो आणि यंत्र खातो. दळणाऱ्या यंत्राने हा प्रश्न सुटत नाही. उलट जे हाताने वेगळे करता आले असते, ते वेगळे न करता येण्याइतके बारीक होते.

आता रबराकडे येऊ. हेव्हिया झाडाच्या चिकातले रबर मूळचे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले. १८७६ मध्ये हेन्री विकहॅमने त्याचे बी लंडनच्या क्यू उद्यानात नेले आणि तिथून ते आशियात पसरले. भारतातले बहुतेक रबर केरळचे. मराठी मुलखात ते सिंधुदुर्गात, विशेषतः दोडामार्ग भागात, केरळमधून आलेल्या बागायतदारांनी रुजवले. त्याच कोकणपट्टीत रत्नागिरीजवळ रणपारला फिनोलेक्सचा पीव्हीसी रेझिनचा कारखाना आहे. एकाच किनाऱ्यावर झाडातून रबर आणि कारखान्यातून पीव्हीसी निघते, पण रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही दोन्ही एकमेकांना परकी. रबराची साखळी निव्वळ कार्बन आणि हायड्रोजनची, विद्युतभाराच्या दृष्टीने जवळजवळ उदासीन. पीव्हीसीच्या साखळीत ठरावीक अंतराने क्लोरीन असल्याने तिच्यात भाराची ओढाताण आहे. ही परकेपणाची मात्रा मोजण्यासाठी जोएल हिल्डेब्रँड यांनी विद्राव्यतेचा एक अंक सुचवला. नैसर्गिक रबराचा अंक साडेसोळा ते सतराच्या आसपास, पीव्हीसीचा एकोणीस ते वीसच्या आसपास. एवढे अंतर लांब साखळ्यांसाठी फार झाले. साधे रबर पीव्हीसीत ढवळले तर दोन्ही वेगळीच राहतात.

इथे रबर सुधारण्याचा विचार आला. रबराच्या साखळीत प्रत्येक दुव्यावर कार्बनचा एक दुहेरी बंध असतो. चीक पातळ असतानाच त्यात फॉर्मिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घातले, तर काही दुहेरी बंधांवर ऑक्सिजन बसतो आणि एपॉक्साइड नावाचे तीन अणूंचे छोटे वलय तयार होते. चारातला एक बंध बदलला की एपॉक्सिडाइज्ड रबर-२५, निम्मे बंध बदलले की रबर-५०. १९८०च्या दशकात मलेशियातील आणि मलेशियाच्या पैशावर इंग्लंडमध्ये चालणाऱ्या रबर संशोधन संस्थांनी हा पदार्थ बाजारात आणण्याइतका पक्का केला. मंगळवेढ्यातल्या कोणत्याही स्वयंपाकघरात याच्याशी मिळतेजुळते ज्ञान आहे: ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून ते गरम पाण्यात भिजवतात, पिठातला स्टार्च फुलतो आणि एरवी फाटणारी भाकरी हातावर फिरते. पीठ तेच राहते, पण जोडले जाण्याची क्षमता त्याच्यात आणलेली असते. रबराचेही तेच होते. साखळी तीच, पण तिच्यावर आता ऑक्सिजन आहे, आणि तो पीव्हीसीमधल्या क्लोरीनशेजारच्या हायड्रोजनला ओढून घेतो.

ही ओढ पुरेशी आहे का, हे डोळ्यांना कळत नाही. त्याची कसोटी तापमानाची आहे. प्रत्येक पॉलिमरच्या अस्फटिकी भागाचे एक काचसंक्रमण तापमान असते. त्याखाली तो कडक आणि ठिसूळ, त्यावर मऊ. पीव्हीसीसाठी हे सुमारे ८० अंश, साध्या रबरासाठी उणे ७० च्या जवळपास, रबर-५० साठी उणे २५ च्या आसपास. मिश्रणात दोन्ही पदार्थ वेगळे राहिले तर अशी दोन तापमाने मिळतात. रेणूंच्या पातळीवर एकजीव झाले तर मधले एकच मिळते. पीव्हीसी आणि रबर-५० यांच्या मिश्रणात ते एकच मिळते. रबर-२५ बरोबर मिश्रण अर्धवटच जमते. आणि साध्या रबरासोबत जमत नाही. निम्म्या दुव्यांवरच्या एका ऑक्सिजन अणूने एवढा फरक पडतो. आपल्या देशातही या जोडीवर मोलाचे काम झाले आहे. खरगपूरच्या आयआयटीतील रबर तंत्रज्ञान केंद्रात एस. के. डे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की पीव्हीसी आणि एपॉक्सिडाइज्ड रबर एकत्र तापवले तर गंधक वगैरे काही न घालताही दोघांच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात. मिसळण्याच्या पुढची पायरी ती, बांधले जाण्याची.

या यशाचा उपयोग खरा आहे. मऊ पीव्हीसी करण्यासाठी त्यात तेलासारखे द्रव मिसळतात. ते द्रव वर्षानुवर्षे बाहेर झिरपत राहतात, आणि ४० अंशांपलीकडच्या सोलापुरी उन्हात तर नळी लवकर कडक पडते. त्या जागी रबर-५० घातले तर ते साखळीच असल्याने झिरपत नाही. शिवाय या रबराला तेलाचा त्रास कमी होतो आणि त्यातून हवा कमी जाते. १९४०च्या दशकापासून पीव्हीसीबरोबर नायट्राइल रबर हे पेट्रोलियमचे रबर याच कामासाठी वापरात आहे; झाडाच्या रबराला तिथे जागा मिळू शकते. पण याची किंमतही मोजावी लागते. ऑक्सिजन बसवला की रबराचा लवचिकपणा घटतो, थंडीत ते लवकर कडक होते. पीव्हीसीतून सुटणारे आम्ल एपॉक्साइडची वलये फोडते, त्यामुळे आम्ल शोषणारे स्थिरक घालणे भाग पडते. मिसळण्यासाठी रबराला स्वतःमधले काहीतरी द्यावे लागते. हा हिशेब प्रत्येक जोडीसाठी नव्याने मांडावा लागतो, आणि म्हणूनच ‘सगळ्यांसाठी एकच जादूचे रबर’ अशी आशा धरणे चूक आहे.

याहून महत्त्वाचा मुद्दा असा की पूर्ण एकजीव होणे हे प्रत्येक वेळी हवेच असते असे नाही. शेतातला कडक पीव्हीसी पाइप कुदळीच्या घावाने तडकू नये, असे आपल्याला वाटते. त्यात रबर-५० पूर्ण विरघळले तर पाइप मऊ होईल, दाबाखाली फुगेल. इथे हवे असते ते वेगळेच: रबराचे अगदी बारीक कण, कडक प्लास्टिकमध्ये सुटे, पण सीमेवर घट्ट चिकटलेले. घाव बसला की हे कण ताण वाटून घेतात आणि भेग पुढे सरकत नाही. मजबूत पॉलिस्टायरीन आणि एबीएस ही रोजच्या वापरातली प्लास्टिके याच तत्त्वावर उभी आहेत. दुसरे उदाहरण पॉलिप्रॉपिलीन आणि रबराचे. ही दोन्ही मिसळत नाहीत, तरीही त्यांना एकत्र तापवून ढवळताना त्याच क्षणी रबराचे व्हल्कनीकरण केले, म्हणजे त्याच्या साखळ्या एकमेकींना जोडून टाकल्या, तर प्लास्टिकमध्ये पक्क्या रबराचे सूक्ष्म कण तयार होतात. ए. एम. गेस्लर यांनी १९६२ च्या पेटंटमध्ये याची सुरुवात केली, अमेरिकेतील मॉन्सँटोत कोरन आणि पटेल यांनी ते शास्त्र बांधले आणि १९८१ मध्ये सँटोप्रीन बाजारात आले. हा पदार्थ रबरासारखा लवतो आणि प्लास्टिकसारखा पुन्हा वितळवता येतो. नैसर्गिक रबराचीही अशी मिश्रणे होतात. म्हणजे ‘मिसळते का?’ हा प्रश्न अपुरा आहे. कशासाठी, किती आणि सीमेवर पकड कशी, हे विचारल्याशिवाय उत्तराला अर्थ नाही.

सीमेवरची ही पकड आणणाऱ्या मध्यस्थ रेणूंवरही जगभर काम झाले आहे. मॅलेइक अनहायड्राइड जोडलेले रबर नायलॉनच्या साखळीच्या टोकाशी रासायनिक गाठ बांधते. मिथाइल मेथॅक्रिलेटच्या फांद्या फुटलेले रबर १९५०च्या दशकापासून माहीत आहे. ॲक्रिलिक प्लास्टिकशी त्याचे जमते. म्हणून काही जण म्हणतात, असे मध्यस्थ उपलब्ध असताना वर्गीकरणाचा खटाटोप कशाला? घाला मध्यस्थ आणि दळा सगळे. हा युक्तिवाद वरवर आधुनिक वाटतो, पण शास्त्र नेमके त्याच्याविरुद्ध आहे. मध्यस्थ रेणू हा विशिष्ट जोडीचा असतो. नायलॉनशी गाठ बांधणारा रेणू पॉलिथिलीनकडे ढुंकूनही पाहत नाही. ढिगात काय किती आहे हे माहीत नसेल तर कोणता मध्यस्थ किती घालायचा हेच ठरत नाही. मिश्रणाचे शास्त्र जितके प्रगत होते, तितकी आधी निवड करण्याची गरज वाढते. ढिगात मातीचे कण, खताचे क्षार आणि उन्हाने तुटलेल्या साखळ्या असतील, तर प्रयोगशाळेत जमलेले मिश्रण तिथे कोसळते.

दुसरा युक्तिवाद रस्त्यांचा. मदुराईच्या प्रा. आर. वासुदेवन यांनी प्लास्टिकचा थर दिलेल्या खडीचा रस्ता करून दाखवला, मग सगळे प्लास्टिक रस्त्यात घालावे, असे म्हटले जाते. पण त्या पद्धतीतही पीव्हीसी चालत नाही. क्लोरीनमुळे तापवताना विषारी वायू सुटतात. रस्त्यालाही निवडलेले प्लास्टिकच लागते.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. झाडातले रबर नैसर्गिक, नवीकरणीय, म्हणून ते आपोआप चांगले, असे धरून चालता येणार नाही. सावंतवाडी-दोडामार्ग हा सह्याद्रीचा पट्टा वाघांच्या येण्याजाण्याची वाट आहे. तिथे मिश्र जंगल तोडून एकाच झाडाचा मळा केला तर त्या रबराच्या प्रत्येक किलोमागे जंगलाचा हिशेब लागतो. सुधारित रबरासाठी आग्रह धरायचा तो आधीच उभ्या असलेल्या मळ्यांच्या चिकासाठी. नव्या जंगलतोडीचे समर्थन त्यातून कधीही होऊ नये.

मग करायचे काय? माझे म्हणणे असे की वर्गीकरणाची सर्वात स्वस्त जागा शेत हीच आहे. संच उखडताना प्रत्येक भाग ओळखीचा असतो: काळी नळी पॉलिथिलीन, पांढरा किंवा राखाडी कडक पाइप पीव्हीसी, जोड बहुधा पॉलिप्रॉपिलीन, ग्रोमेट रबर. त्याच वेळी चार ढीग केले तर काम तासाभराचे. कारखान्यात तेच करायला यंत्रे, पाणी आणि मजुरी लागते, आणि बारीक चुरा झाल्यावर तर कधीकधी ते अशक्य होते. शंका आली तर पाण्याची बादली पुरते. पीव्हीसी पाण्यापेक्षा जड, ते बुडते. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकी, ती तरंगतात. पाणी या शेवटच्या दोघांना एकमेकांपासून वेगळे करू शकत नाही, म्हणून ते काम शेतातच, भाग पाहून व्हायला हवे. हे ज्ञान ठिबकच्या विक्रेत्याने नळी विकतानाच द्यावे, आणि नळीवर दर काही फुटांवर पदार्थाचा क्रमांक ठळक छापलेला असावा.

यामागे धोरण उभे राहिले पाहिजे. महाराष्ट्राने २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आणली. देशात २०१६ चे प्लास्टिक कचरा नियम आहेत. २०२२ मध्ये उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीची मार्गदर्शक तत्त्वे आली. ती जबाबदारी वेष्टनापुरती आहे. बिस्किटाच्या पुड्याचा हिशेब कंपनीने द्यायचा आणि एकरभर लॅटरलचा हिशेब कोणीच द्यायचा नाही, ही व्यवस्था शेतीप्रधान राज्याला शोभत नाही. ठिबक आणि शेततळ्याला सार्वजनिक अनुदान मिळते. नव्या संचाचे अनुदान जुना संच वर्गीकरण करून परत देण्याशी जोडावे, आणि परत येणारा माल घेण्याचे बंधन उत्पादकांवर घालावे. तालुक्याच्या ठिकाणी बाजार समितीच्या आवारात अशी जागा करणे कठीण नाही. आणि ज्या भंगारवाल्यांच्या हातांना हा फरक आज कळतो, त्यांना बाजूला सारून नव्हे, तर त्यांनाच पगार, हातमोजे आणि ओळखपत्र देऊन ते काम द्यावे.

संशोधनाकडूनही एक नेमकी अपेक्षा आहे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून उभी आहे, मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था १९३३ पासून. दोन्हीकडे पॉलिमरचे मोठे ज्ञान आहे. त्यांनी नव्या, स्वच्छ, बाटलीबंद दाण्यांवरच प्रयोग करू नयेत. सोलापूर जिल्ह्यातली उन्हात कडक झालेली लॅटरल, क्षार चढलेला पीव्हीसी आणि दोडामार्गच्या मळ्यातला चीक घ्यावा. जुन्या पीव्हीसीत एपॉक्सिडाइज्ड रबर किती घातले तर गॅस्केट, नळी, पायताणाचा तळ टिकतो. जुन्या पॉलिथिलीनमध्ये पॉलिप्रॉपिलीन किती टक्के शिरले तर नळी तुटते. कोणता मध्यस्थ कोणत्या किमतीला परवडतो. हे आकडे मराठीत छापून बाजार समित्यांपर्यंत पोचवावेत. मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याला पर्यावरणावर भाषण नको आहे. त्याला जुन्या नळीचा योग्य भाव आणि नव्या नळीची टिकाऊ हमी हवी आहे. दोन्ही गोष्टी रेणूंच्या स्वभावाची कदर केल्यावरच मिळतील.

पदार्थांना आपली घोषणा कळत नाही. पॉलिथिलीन आणि पीव्हीसी एका गोणीत भरून त्यावर ‘पुनर्वापर’ लिहिले म्हणून ती एकजीव होणार नाहीत. रबराने पीव्हीसीशी जमवून घेतले, कारण कुणीतरी दोघांमधला फरक नीट मोजला, त्यावर नेमका बदल शोधला, त्याची किंमत तपासली आणि जिथे जमत नाही तिथे तसे स्पष्ट सांगितले. हीच शिस्त आपल्या कचऱ्याच्या धोरणात आली पाहिजे. तोवर दळणयंत्रांवर होणारा खर्च हा दोनदा वाया जाणारा खर्च आहे: एकदा यंत्रावर, आणि दुसऱ्यांदा त्यातून निघालेल्या, पहिल्याच उन्हाळ्यात तडकणाऱ्या नळीवर.